गोकर्णला जाताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे वाचा

नाताळात पुण्यातून गोकर्णला बसच्या बस भरून जातात आणि खोली मिळत नाही, हे खोटं बुकिंग घेऊन फसवणाऱ्या चोरांना पक्कं ठाऊक असतं. सगळीकडे फुल्ल दिसल्यावर आम्ही एका इन्स्टा पेजवर विचारलं. हाफ मून बीचवर समुद्रासमोर दोन कॉटेज, शिवाय मुलांना सर्फिंगचा क्लास. तीन रात्रींचे अर्धे म्हणून ९,६०० रुपये, क्लासचे ६,०००. मग "पेमेंट अडकलंय, पुन्हा टाका, पहिलं आपोआप परत येईल" म्हणून आणखी ९,६००. एकूण २५,२०० रुपये गेले.

माणूस आपल्यासारखं मराठी बोलत होता. "दादा, तुम्ही पुण्याचे म्हणजे घरचेच, माझी मावशी सांगवीत असते." गाडी कुठे लावायची विचारलं, तर म्हणाला, "थेट कॉटेजच्या दारात!" हेच ते वाक्य! हाफ मूनला गाडीरस्ताच नाही. ओम बीचवरून पायवाटेने चालत जायचं, नाहीतर बोटीने. तिथेच त्याचं पितळ उघडं पडलं होतं. राहून राहून तेच आठवतं आणि डोकं तापतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कसं कळावं? पैसे पाठवताना स्क्रीनवर कॉटेजऐवजी भलत्याच बाईंचं नाव आलं, तेही मी विचारलं होतं. "मालकीणबाईंचं खातं आहे." घरगुती राहण्याची ठिकाणं अशीच चालतात, म्हणून पटलं. तुम्ही मात्र नाव जुळलं नाही तर तिथेच थांबा.

खरा संताप पुढे. तिकडचे पोलीस म्हणाले, पैसे पुण्यातून गेलेत, पुण्यात तक्रार करा. पुण्यात आलो तर, "घटना कर्नाटकातली, आमच्या हद्दीत येत नाही." १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी, एका साध्या नागरिकाने, त्यांना वाचून दाखवायचं? वर साहेब विचारतात, "शिकलेले दिसता, मग कसे फसलात?" चोर मोकाट आणि उलटतपासणी आमची! बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात.

संशय आला की आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, चौकीच्या चकरा नंतर. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठले तरच काही आशा. आणि "पुन्हा टाका, परत येईल" ऐकलंत की फोन ठेवा.

पेजचं नाव आता बदललंय. तेच फोटो केरळातल्या वर्कलाच्या कड्यावरची कॉटेज म्हणून फिरताहेत.