रिकाम्या खोल्या आणि ट्रायपॉडचा बनावट परवाना: ॲमस्टरडॅममधला अनुभव

ॲमस्टरडॅमला जाऊन कालव्याकाठच्या, आता संग्रहालयं झालेल्या जुन्या घरांचे आतून फोटो काढायचा बेत असेल, तर आधी हे वाचा. आमच्या गटाला एका फोटो टूरवाल्याने पद्धतशीर लुबाडलं आणि त्याचा धंदा अजून चालूच आहे.

त्याने काय विकलं ते पाहा: संग्रहालय उघडण्याआधीचा वेळ, रिकाम्या खोल्या आणि ट्रायपॉडची परवानगी. अशा घरांत उजेड फक्त खिडक्यांतून येतो, फ्लॅश सहसा चालत नाही, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवणं आलं. हातात कॅमेरा धरून ते जमत नाही आणि गर्दीत ट्रायपॉड कोणी लावू देत नाही. ही अडचण ज्याला आतून ठाऊक आहे, त्यालाच हे आमिष सुचणार. तो स्वतः फोटोग्राफर असावा, असं मला आजही वाटतं.

शिवाय त्याची माहिती पक्की होती. व्हॅन लून संग्रहालयाचं घर १६७२ सालचं, तिथला पहिला भाडेकरू प्रसिद्ध डच चित्रकार रेम्ब्रांटचा शिष्य फर्डिनांड बोल. खुद्द रेम्ब्रांटने १६३९ मध्ये घेतलेलं घर दिवाळखोरीत गेलं, पण १६५६ मध्ये त्याच्या सामानाची जी यादी झाली, तिच्या आधारानेच त्या खोल्या आज पुन्हा सजवता आल्या. हे सगळं खरं आहे. एवढं जाणणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

पैसे मात्र बँक ट्रान्सफरनेच हवे होते, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर. कार्ड नको, म्हणे कमिशन फार जातं. आधी टूरचे, मग ट्रायपॉड परवान्याचे, मग ‘परत मिळणारी’ अनामत. तुकड्यातुकड्याने मागितल्यामुळे एकही मागणी मोठी वाटली नाही. बदल्यात संग्रहालयांची बोधचिन्हं आणि क्यूआर कोड असलेले परवाने आले. पहिल्याच दारात कर्मचाऱ्याने ते पाहिले आणि सांगितलं, असं कोणतंही बुकिंग नाही, असा परवाना आम्ही देतच नाही. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद.

त्याच्या यादीत ॲन फ्रँकचं घरही होतं, ‘आतल्या फोटोंसह’. तिथे संग्रहालयात फोटो काढायला बंदी आहे आणि तिकिटं फक्त त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात, दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची. ज्या घरात दुसऱ्या महायुद्धात आठ माणसं नाझींपासून जीव मुठीत धरून लपून राहिली, त्या घराचा या माणसाने गळाला लावायला वापर केला. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

असं काही कोणी विकत असेल, तर थेट त्या घराला ईमेल करा आणि पत्ता त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, टूरवाल्याने दिलेला नको. उघडण्याआधी प्रवेश द्यायचा की नाही, ट्रायपॉड चालेल की नाही, हे ते घरच ठरवतं. टूरवाल्याने दाखवलेले नमुना फोटो गूगल लेन्समध्ये (फोटो टाकला की तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते शोधणारी सोय) टाकून बघा. आमच्या गटातल्या एकीने नंतर टाकले, तेव्हा ते वेगवेगळ्या फोटोग्राफरांचे निघाले. फोटोतला उजेडही नीट पाहा. एकाच खोलीचे ‘सकाळचे’ म्हणून दिलेले दोन फोटो होते, आणि त्यांत ऊन समोरासमोरच्या खिडक्यांतून येत होतं.

फसलाच असाल, तर बँकेला त्याच दिवशी कळवा, सगळे ईमेल आणि पावत्या जपा, पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. कार्डाने पैसे दिले असते, तर व्यवहारावर हरकत घेऊन रक्कम मागता आली असती. स्वतःहून केलेल्या ट्रान्सफरचे पैसे परत येणं फार कठीण, असं आमच्या बँकेने सांगितलं आणि आजवर आम्हाला काही मिळालेलं नाही.

तेच फोटो आता दुसऱ्या नावाखाली फिरताहेत आणि यादीत व्हेनिसच्या जुन्या वाड्यांची भर पडली आहे.