स्लाइड-आऊटच्या रबराला सिलिकॉन स्प्रे: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

आमच्या मोटरहोमचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, पलंगाचा भाग बटण दाबलं की बाहेर सरकतो; या सरकत्या खोलीला स्लाइड-आऊट म्हणतात. त्या स्लाइड-आऊटच्या रबराला मार्चपासून ड्राय सिलिकॉन स्प्रे वापरतोय. नाशिकचं मे महिन्यातलं ऊन आणि इगतपुरीचा पाऊस, दोन्ही झालं. स्प्रे चांगला आहे, पैसे वसूल. मात्र निम्म्याहून जास्त काम त्याआधीच्या पुसण्यानेच होतं.

या रबराचे दोन भाग असतात. एक नळीसारखा पोकळ, जो दबून फट बंद करतो. दुसरी पातळ पट्टी, जी खोली सरकताना तिच्या अंगावरचं पाणी निपटते. घाण बसते ती या पट्टीच्या घडीत. गंगापूर धरणाकडे झाडाखाली एक रात्र गाडी उभी राहिली, की सकाळी पट्टी बोटांनी उलटून बघा: काळ्या मातीची ओली रेघ, तिच्यात बारीक खडे, चुरलेली पानं. तशीच खोली आत घेतली तर ते खडे रंगावर ओरखडे काढत जातात. म्हणून आधी शिडी लावून खोलीचं छत झाडायचं, मग साध्या साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने घडी पुसायची आणि पूर्ण वाळू द्यायची. स्प्रे त्यानंतर, तोही फडक्यावर मारून. थेट मारला तर फरशीवर उडतो आणि पाय सरकतो.

गॅरेजमध्ये सर्रास सांगतात, "डिझेलचा हात फिरवा, रबर चकाचक होईल." होतं, पण चार दिवस. ही रबरं बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. डिझेल, ग्रीस, व्हॅसलिन यांनी ती फुगतात आणि मऊ पडतात. हे कृपया करू नका.

फरक काय पडला? उन्हात रबर चिकटून खोली बाहेर येताना कर्रर्र आवाज यायचा, तो गेला. पट्टी आता आपोआप योग्य बाजूला वळते. खोली हलवल्यावर तेवढं मी दरवेळी बघतोच, कारण दुमडलेल्या पट्टीतून पाणी सरळ गादीवर येतं.

खालच्या कोपऱ्यात मात्र तिरप्या पावसात अजून ओल येते. तिथे रबराचा जोड उघडलाय, त्याला स्प्रे काय करणार? तो तुकडा बदलावाच लागेल. आणि गाडी रंगाला टाकणार असाल तर सिलिकॉन वापरल्याचं पेंटरला आधी सांगा. पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात खड्डे पडतात.