अंतर्गत युनियन की बाहेरची?

चाकणच्या एका कंपनीत नुकताच पर्मनंट झालेला माझा भाचा परवा विचारत होता, "मामा, दोन युनियनचे फॉर्म फिरतायत. एक अंतर्गत, एक बाहेरची. कुठं सही करू?" अंतर्गत म्हणजे कंपनीतल्याच कामगारांनी चालवलेली, बाहेरची म्हणजे बाहेरच्या मोठ्या संघटनेची. मी स्वतः अंतर्गत युनियनच्या कमिटीत सहा वर्षं होतो, तरी माझं मत असं: शे-दोनशे माणसांची कंपनी असेल तर बाहेरची बरी.

अंतर्गत युनियनची ताकद कराराच्या टेबलावर कळते. आमच्या करारात पगारवाढीच्या बदल्यात सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) ५२ सेकंदांवरून ४८ वर आणायचा, असं एकच वाक्य होतं. साडेसात तासांच्या कामात त्याचे ४० च्या वर जॉब जादा होतात, आणि ते उचलायचे त्याच खांद्यांनी. लाइनवरच्या माणसाला हे वाचताक्षणी उमगतं. बाहेरच्या नेत्याला समजावून सांगावं लागतं.

पण बोलणी रखडली तेव्हा आमच्या कमिटीतल्या दोघांच्या हातात बदलीचे कागद पडले, तिसऱ्याला शिस्तभंगाची चार्जशीट. ज्याची चूल त्याच पगारावर पेटते, त्यानं किती ताणायचं? बाहेरच्या नेत्याची बदली करता येत नाही. आयटक, सिटू, भारतीय मजदूर संघ अशा देशभरच्या कामगार संघटनांकडे कोर्टकचेऱ्यांचा अनुभव असतो, शेजारच्या कंपन्यांतले करार ठाऊक असतात. मोठ्या कंपनीतली अंतर्गत युनियन वर्गणीतून वकील करू शकते, छोटीला ते झेपत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा अंतर्गत युनियन श्रमिक एकता महासंघात एकत्र येतात, तो एक मधला मार्ग आहे.

बाहेरच्या युनियनचं भय एकच, निर्णय गेटबाहेर होण्याचं. सर्वसाधारण सभेत मसुदा वाचून न दाखवता सही करणारा नेता कितीही मोठा असो, मला नको.

आणि मान्यतेचं, म्हणजे मॅनेजमेंटशी बोलणी करायचा हक्क कायद्यानं कुठल्या युनियनला आहे, हे विसरू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. कायद्यानं बोलणी करायचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्याच युनियनकडे होता. कामगारांचा विश्वास एकीकडे आणि सहीचा अधिकार दुसरीकडे, यात गिरणगाव भरडलं गेलं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानं मान्यतेसाठी ३० टक्के सभासद मागितले होते. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्यानं बोलणी करायला ५१ टक्के लागतात. ते कुणाकडेच नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियनची मिळून परिषद बसते. म्हणजे फॉर्म अर्धे-अर्धे वाटले गेले की मॅनेजमेंटसमोर आपलीच दोन तोंडं. म्हणून भाच्याला म्हटलं, आधी डिपार्टमेंटमध्ये सगळे मिळून एक ठरवा.

दोन्हीकडे विचारायला एक प्रश्नही दिला: कंत्राटी कामगारांना सभासद करता का? त्याच्या लाइनवर चार पर्मनंट आहेत आणि अकरा कंत्राटी. संपाच्या दिवशी ती लाइन थांबणार की चालणार, हे त्या अकरा जणांवर आहे.