तुंग की तिकोना? पवनेकाठी निवांत चालायचं असेल तर

पवना धरणाच्या पाण्यावर नजर ठेवून उभे असलेले हे दोन डोंगर लांबून जुळे भाऊ वाटतात. दोन्ही टोकदार, दोन्ही समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडे वर, दोन्ही पायथ्यापासून तासाभरात चढून होणारे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांतही दोघांची नावं आहेत. म्हणून ‘कुठलाही केला तरी सारखंच’ असं समजून लोक निघतात, आणि तिथेच दिवस हुकतो. तिकोन्याला बघण्यासारखं जे आहे ते गडावर आहे. तुंगला ते गडाच्या भोवती आहे. आपल्याला काय हवंय ते आधी ठरलं की निवड सोपी होते.

पोचायचं कसं

स्वतःची गाडी नसेल तर तिकोना सोयीचा. पुणे-लोणावळा लोकलनं कामशेतला उतरायचं, तिथून एसटीनं किंवा जीपनं पवनानगर (जुनी मंडळी अजून काळे कॉलनी म्हणतात) आणि पुढे तिकोना पेठ. पवनानगरच्या पुढे वाहनं विरळ होतात. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळी उतरतानाच विचारून ठेवा. गडावरून उतरून मग चौकशी करणाऱ्यांना अंधारात चालत यावं लागतं.

तुंगची गोष्ट वेगळी. लोणावळ्याहून आंबवण्याच्या रस्त्यानं घुसळखांब फाट्याला उतरलं की तुंगवाडी तिथून सुमारे ८ किलोमीटर, आणि हे अंतर बहुतेक वेळा पायीच कापावं लागतं. जाऊन येऊन १६ किलोमीटर आणि वर गड. सकाळी आठला फाट्यावरून निघालात तर दहाला वाडीत, अकरा-साडेअकराला माथ्यावर, एकपर्यंत खाली आणि विश्रांती धरून चारच्या सुमारास पुन्हा फाट्यावर. हा हिशेब पावसाळा सोडून आहे; चिखलात आणि धुक्यात तासभर जास्तच धरा. गाडी असेल तर ती थेट वाडीपर्यंत जाते. पण चालण्यासाठीच आला असाल, तर फाट्यापासूनचा हा रस्ता वगळू नका. रस्ता डांबरी असला तरी दोन्हीकडे झाडी आहे, मधूनच पाणी दिसतं, आणि तुंगचा सुळका वळणावळणाला आकार बदलत जवळ येतो.

चढ

तिकोन्याची वाट चांगली मळलेली आहे, चुकायला जागा नाही. सोंडेवरून आरामात चढत पहिल्या दरवाजातून आत आलं की चपेटदान मारुती भेटतो. एक हात चापट मारायला उगारलेला, पायाखाली पनवती राक्षसीण दाबलेली. घाईनं पुढे जाऊ नका, मूर्ती नीट बघण्यासारखी आहे. त्यापुढे बांधकामाचा चुना मळायचा घाणा, मग कातळातलं लेणं आणि त्यातली तुळजादेवी, समोर पाण्याचं टाकं. इथपर्यंत लहान मुलंही सहज येतात.

खरी परीक्षा शेवटच्या पायऱ्यांची. कातळात खोदलेला हा जिना उभा आणि अरुंद आहे, आणि एकेका पायरीची उंची घरच्या जिन्यापेक्षा बरीच जास्त. चढताना दम लागतो, पण लोक घसरतात ते उतरताना. समोर तोंड करून भराभर उतरायला जातात, टाच पायरीच्या कडेवर पडते आणि पाय सुटतो. उतरताना अंग थोडं आडवं करा, पाऊल पूर्ण पायरीवर टेकवा, एक हात कातळाला ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये याच जिन्यावरून पाणी धावतं आणि कडेला शेवाळ धरतं. रविवारी त्यात भर म्हणजे वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात. अशा वेळी उतरणाऱ्याला भिंतीकडची बाजू द्यावी.

तुंगचं दुसरं नावच कठीणगड आहे. नावानं घाबरायचं कारण नाही, पण नाव उगाच पडलेलं नाही. मारुतीच्या देवळापासून वाट निघते आणि लवकरच एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला कातळ अशी अंगावर येते. सावली जवळजवळ नाही. कोरड्या दिवसांत पायाखाली बारीक खड्यांचा घसारा असतो. झिजलेल्या तळव्याचे बूट इथे दगा देतात. दरवाजा गोमुखी रचनेचा आहे. बुरुजाला वळसा घालून अगदी समोर येईपर्यंत तो दिसत नाही. चढून येणाऱ्या शत्रूचं काय होत असेल ते तिथे उभं राहिलं की न सांगता कळतं. आत गणपतीचं देऊळ, आणि तिथून शेवटची खडी चढण तुंगाईच्या देवळापर्यंत.

माथा इतका लहान की मोठा गट आला तर बसायलाही जागा पुरत नाही. वारा जोराचा असेल तर कडेला उभं राहू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. दाट धुकं उतरलं तर गणपतीच्या देवळापाशीच थांबा. वरून काही दिसणार नाही आणि उतरताना वाटेची कड कळणार नाही.

भोवतालचा मुलूख

दोघांत खरा फरक पडतो तो इथे. तिकोन्याच्या बाजूला पवनेच्या काठानं तंबूंची वस्ती वाढली आहे. शनिवारी रात्री तिथला आवाज पाण्यावरून लांबवर जातो. शांतता हवी असेल तर तिकोना आठवड्याच्या मधल्या वारीच करावा. जमेची बाजू म्हणजे कामशेत-पवनानगर रस्त्यालगतच बेडसे लेणी आहेत. ती आधी करा, गड नंतर, कारण लेण्यांचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन आत शिरतं तेव्हा चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांवरचे प्राणी आणि स्वार उठून दिसतात. दुपारी तेच सगळं सपाट वाटतं.

तुंगच्या तीन बाजूंना धरणाचं पाणी पसरलंय. गडावरून लोहगड, विसापूर, तिकोना, मोरगिरी एका फेरीत ओळखता येतात. खाली भातखाचरं आहेत. त्यांच्या बांधावरून जाताना ओळीनं चाला, बांध पायांनी ढासळला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि रोपं सुकतात. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, उतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. तुंगला जायचे हेच दिवस. फेब्रुवारीनंतर गवत वाळून कुसळं मोज्यात शिरतात आणि नऊनंतर ऊन तापतं.

पाणी तिकोन्याला माणशी दोन लिटर पुरतं. तुंगला फाट्यापासून चालणार असाल तर तीन लिटर घ्या. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर राहू नका. दोन्हीकडे कड्यांना आग्या मोहोळ असू शकतं, त्यामुळे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळा.

मग कुणी काय निवडावं

पहिलाच गड, बरोबर मुलं किंवा वडीलधारे, आणि एसटी-लोकलचा प्रवास असेल तर तिकोना. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लेण्यापाशी थांबलं तरी निम्म्याहून जास्त गड बघून होतो. दोन-चार जणच आहात, सात-आठ तास चालायची तयारी आहे आणि माणसांच्या आवाजापासून लांब जायचंय, तर आमचं मत नि:शंक तुंगला.

एका दिवसात दोन्ही करायचा मोह होतो. गाडी असेल तर मोरवे-चावसरवरून धरणाच्या काठाकाठानं तिकोना पेठेतून तुंगवाडीला जाता येतं. तसं करायचंच असेल तर तुंग सकाळी घ्या. तिकोन्याला दुपारी लेण्याच्या सावलीत बसता येतं, तुंगला दुपारी उन्हापासून सुटका नाही.