सोलापूरचं व्यसनमुक्ती केंद्र: डिटॉक्स चोख, डिस्चार्ज ढिला

सोलापूर शहराच्या कडेला असलेल्या या निवासी केंद्रात भरती करून घेताना पहिला प्रश्न असतो: शेवटचा पेग किती वाजता? बरोबरच आहे. रोजची दारू अचानक तुटली की फिट येण्याचा धोका 6 ते 48 तासांत असतो. भास, थरकाप, ताप हे गंभीर रूप साधारण 48 ते 96 तासांत दिसतं. त्यामुळे रात्रपाळीची नर्स हवीच. इथे ती आहे, आणि नाडी-बीपीचा तक्ता खाटेलाच अडकवलेला असतो. ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं (व्हिटॅमिन बी-1) इंजेक्शन देतात; छोटी केंद्रं नेमकं हेच विसरतात आणि मेंदूला इजा होऊ शकते. डायझेपाम या शांत करणाऱ्या औषधाचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. ब्राउन शुगरवाल्यांना (म्हणजे हेरॉइनचं व्यसन असलेल्यांना) ब्युप्रेनॉर्फिन हे औषध विड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, नीट सुरू झाल्यावरच देतात. घाई केली तर त्रास उलट उसळतो.

जेवणात पहिल्याच दिवशी कडक भाकरी! मळमळणाऱ्याच्या घशाखाली ती उतरायची कशी? पेज द्या की.

खरी उणीव डिस्चार्जला. डिटॉक्सनंतर, म्हणजे शरीरातून नशा उतरवल्यावर, शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस जिवावर बेततो; हे घरच्यांना कुणी बसवून सांगत नाही. भरतीआधी मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 खालचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा. 14446 या मोफत हेल्पलाइनवरही सल्ला मिळतो.