टायर ‘नवे’, तारीख पाच वर्षं जुनी: छोट्या स्पोर्टी गाडीवाल्यांसाठी माझा अनुभव

तुमची गाडी छोटी, हलकी आणि जरा चपळ इंजिनाची असेल, आणि मूळ टायर गोटे होऊन आता ऑल-सीझन टायर घ्यायचा विचार चालू असेल, तर दुकानात जायच्या आधी हे वाचून जा. मला ज्या पद्धतीने गंडवलं ती पद्धत नेमकी अशाच गाड्यांच्या गिऱ्हाइकांवर चालते.

त्याचं कारण मला नंतर कळलं. साध्या फॅमिली गाड्यांच्या मापांचे टायर दुकानातून भराभर खपतात, आलेला माल पडून राहत नाही. आपल्या गाड्यांचं तसं नसतं. गाडी छोटी, पण रिम मोठी आणि टायरची कड, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत, बुटकी. हे माप मागणारे मोजकेच. त्यातून ऑल-सीझन मागणारे आणखी कमी. मग असा टायर गोदामात वर्षानुवर्षं धूळ खात बसतो आणि दुकानदाराला तो कधी ना कधी कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच असतो. तुम्ही फोनवर माप सांगता तेव्हा पलीकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर तोच कोपरा येतो.

माझ्या गाडीचं माप १९५/५५ आर १६, ८७ व्ही. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के (साधारण १०७ मिलिमीटर) आणि रिम १६ इंची. पुढचं ८७ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ५४५ किलो भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे सगळं ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. मी काही २४० ने गाडी हाकत नाही. पण सस्पेन्शन आणि स्टिअरिंग ज्या टायरवर जुळवलेलं आहे तो टायर या दर्जाचा आहे, आणि अशा गाडीत हा फरक हाताला जाणवतो.

गाडीसोबत आलेले टायर उन्हाळी होते. कोरड्या आणि ओल्या रस्त्यावर झकास, पण पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचं रबर कडक होतं आणि पकड ढिली पडते. दोन ऋतूंचे दोन संच ठेवायला माझ्याकडे जागा नाही. त्यामुळे ऑल-सीझन, आणि त्यातही कडेवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असं चिन्ह असलेलाच, हे मी ठरवूनच गेले होते. नुसत्या ‘एम+एस’ अक्षरांवर माझा विश्वास नाही. चिखल आणि बर्फ असा त्या अक्षरांचा अर्थ, पण ती टायरच्या नक्षीवरून छापली जातात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. डोंगर-हिमकणाचं चिन्ह मिळवायला मात्र दाबलेल्या बर्फावर एका ठरलेल्या टायरपेक्षा जास्त पकड दाखवून द्यावी लागते.

दुकानदाराला फोनवर मी मॉडेल सांगितलं, चिन्ह सांगितलं, ८७ व्ही सांगितलं. त्याने ‘हो मॅडम, तेच’ म्हणून मेसेजवर मॉडेलचं नाव लिहून पाठवलं आणि दरही बरा दिला. फार स्वस्त नाही. फार स्वस्त असता तर संशय आला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर पुडीही सोडली: ‘याचं ट्रेडवेअर ६०० आहे, दुप्पट टिकेल.’ ट्रेडवेअर म्हणजे टायर झिजायला किती वेळ घेईल याचा आकडा. तो कडेवर असतो, खोटा नसतो. पण तो एका प्रमाण टायरला १०० धरून काढलेला असतो आणि कंपनी आपल्या टायरला तो स्वतःच देते. एका कंपनीचे ६०० आणि दुसऱ्या कंपनीचे ४०० यांची तुलना करण्यात अर्थ नाही. शिवाय भरपूर टिकणारं रबर बहुतेक वेळा पकडीत मार खातं. स्पोर्टी गाडीवाल्याला ६०० चं आमिष दाखवणाऱ्या दुकानदारापासून जरा लांबच राहा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी आत घेतली, मला बाहेर बसवलं. आत गिऱ्हाइकांना येऊ देत नाहीत, सुरक्षिततेचा नियम आहे, असं सांगितलं. नियम खरा असेलही. पण टायर रिमवर चढवण्याआधी ते गिऱ्हाइकाला दाखवायला कुठला नियम आडवा येतो? गाडी बाहेर आली तेव्हा चारही टायर पॉलिश मारून काळेकुळकुळीत चमकत होते. बिल हातात दिलं, मी पैसे दिले.

घरी जातानाच काहीतरी खटकत होतं. ताशी ९० च्या आसपास स्टिअरिंग हलकं थरथरायचं. नंतर पाऊस झाला आणि एका वळणावर खरा प्रकार समोर आला. वळणात शिरल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय थोडा उचलला, तशी गाडीची मागची बाजू अलगद बाहेर सरकली. डॅशबोर्डवर स्थिरता नियंत्रणाचा दिवा फडफडला आणि गाडी सावरली. वेग जास्त नव्हता, त्याच वळणावरून मी नेहमी जाते. गाडी लहान, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर कमी, मागचा भाग हलका. अशा गाडीचं मागचं टोक सुटायला लागलं की ते सावकाश सुटत नाही.

दुकानात फोन केला तर उत्तर तयारच होतं. ‘मॅडम, नवीन टायर सुरुवातीला घसरतोच. पहिले काहीशे किलोमीटर जपून चालवा, मग बघा.’ यातली मेख अशी की हे खरं आहे. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रवाचा अंश त्याच्यावर असतो, वरचा थर झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पण तसं असतं तर चारही टायर सारखे घसरले असते. पुढचे दोन रस्ता धरून ठेवत होते आणि मागचे सोडत होते.

शेवटी ज्याच्याकडे गाडीचं बाकीचं काम करते त्या मेकॅनिककडे गेले. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च घेऊन खाली शिरला आणि विचारलं, ‘ताई, हे टायर कधी घेतलेत म्हणालात?’

मागच्या टायरांच्या आतल्या कडेवर, म्हणजे गाडी उभी असताना कुणाला दिसणार नाही अशा जागी, ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी ओळ होती आणि तिचे शेवटचे चार आकडे होते २३१९. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २०१९ सालचा २३वा आठवडा. मी टायर घेतले २०२४ मध्ये. पुढच्या दोघांवर ४१२२ होतं, म्हणजे २०२२ चा ऑक्टोबर. दोन जोड्या, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या.

पण तारखेपेक्षा मोठी लबाडी पुढे होती. पुढचे दोन टायर मी सांगितलेलेच, चिन्ह असलेले, ८७ व्ही. मागचे दोन त्याच कंपनीचे, पण दुसऱ्याच मॉडेलचे. नावात एका शब्दाचा फरक, नक्षीही लांबून जवळपास तशीच. कडेवर फक्त एम+एस, डोंगराचं चिन्ह नाही, आणि ८७ एच, म्हणजे २१० पर्यंतचा. जास्त पकडीची जोडी पुढे आणि कमी पकडीची मागे. दोनच नवे टायर घेतले तरी ते मागे बसवा असं टायरवाले स्वतः सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. कारण पुढचं टोक घसरलं तर गाडी सरळ जाते, मागचं सुटलं तर गाडी गिरकी घेते. माझ्या गाडीवर नेमकं उलटं करून ठेवलं होतं. स्टॉकमध्ये मी मागितलेले दोनच होते, मग उरलेले दोन पडून राहिलेले लावून टाकले. पुढचे गिऱ्हाइकाला सहज दिसतात म्हणून चांगले पुढे.

मेकॅनिकने पॉलिश लागलेल्या मागच्या टायरवर कापड फिरवलं आणि नक्षीच्या खाचेत बोट घालून दाखवलं. तळाशी केसासारख्या बारीक भेगा होत्या. नखाने दाबलं तर पुढचं रबर किंचित दबायचं, मागचं दगडासारखं. मग त्याने बॅलन्सिंगची, म्हणजे चाक न थरथरता समतोल फिरावं म्हणून रिमच्या आतून चिकटवलेली, छोटी वजनं दाखवली. ती जुनीच होती, ब्रेकच्या काळ्या भुकटीने माखलेली. टायर बदलला की नवं बॅलन्सिंग करावं लागतं आणि वजनांच्या जागा बदलतात, निदान नवी चकचकीत वजनं तरी दिसायला हवीत. बिलात बॅलन्सिंगचे चार चाकांचे पैसे लावलेले होते. ९० ला येणारी थरथर तिथून होती.

इथे एक खुलासा करते, नाहीतर उगाच कुणाशी भांडाल. तारीख आतल्या बाजूला असणं हा आपोआप फसवणुकीचा पुरावा नाही. पूर्ण ओळ टायरच्या एकाच कडेवर असते. फिरण्याची दिशा ठरलेल्या, म्हणजे कडेवर बाण असलेल्या टायरमध्ये गाडीच्या एका बाजूच्या दोन चाकांची तारीख आत जाणारच. ज्यांच्या एका कडेवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं तेही हवे तसे उलटवता येत नाहीत. पण माझे मागचे टायर दोन्हींपैकी कुठलेच नव्हते, कसेही बसले असते. तरी दोन्ही तारखा आत. तसंच, वर्षा-दीड वर्षाचा, नीट सावलीत ठेवलेला टायर घ्यायला माझी हरकत नाही. आपल्या मापात ताज्या आठवड्याचा माल मिळेलच असं नसतं. पाच वर्षांच्या टायरची गोष्ट वेगळी. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात, कितीही नक्षी शिल्लक असली तरी. त्या हिशेबाने माझ्या ‘नव्या’ टायरांचं बहुतेक आयुष्य गोदामातच सरलं होतं.

फोटो काढून दुकानात गेले. आधी म्हणाला, एम+एस म्हणजेच ऑल-सीझन. मग म्हणाला, न वापरलेला टायर जुना होत नाही. मग म्हणाला, बिलावर कुठे लिहिलंय मॉडेलचं नाव? हे मात्र खरं होतं. बिलावर ‘टायर १९५/५५ आर १६, ४ नग’ एवढंच. ना कंपनी, ना मॉडेल, ना ८७ व्ही. माझ्याकडे होता तो त्याचा स्वतःचा मेसेज, त्यात मॉडेलचं पूर्ण नाव होतं. तो दाखवल्यावर आवाज खाली आला. तो मेसेज नसता तर मला हात हलवत परत यावं लागलं असतं. म्हणून सांगते: तोंडी काही ठरवू नका. कंपनी, मॉडेल, माप, भार आणि वेगाचं अक्षर, चिन्ह आणि ‘अमुक वर्षाच्या आधीचा नको’ हे मेसेजवर लिहून घ्या, आणि तेच बिलावर उतरवायला लावा. टायर रिमवर चढायच्या आधी चारही टायर जमिनीवर ठेवून दोन्ही कडांचे फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे. ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं कुणी विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हणा. प्रामाणिक दुकानदार हे विचारतच नाही, स्वतः तारीख दाखवतो. असे दुकानदार आहेत, आता मी तिकडेच जाते.

आणि ‘तुमचं माप मिळत नाही, त्याऐवजी १९५/६० घ्या, काही फरक पडत नाही’ असं कुणी म्हणालं तर तेही ऐकू नका. मला हे दुसऱ्या एका दुकानात ऐकवलं गेलं. कड जवळजवळ १० मिलिमीटर उंच होते, म्हणजे टायरचा व्यास सुमारे ३ टक्के वाढतो. स्पीडोमीटरचा काटा तेवढा मागे राहतो, आणि वळणात गाडीची चपळाई जाते ती वेगळीच. ज्यासाठी ही गाडी घेतली तेच घालवायचं असेल तर प्रश्न नाही.

बऱ्याच वादावादीनंतर त्याने मागचे दोन बदलून दिले, मागवून, पुढच्यांसारखेच. ते लावताना मी आत उभी राहिले, सुरक्षिततेचा नियम त्या दिवशी कुणाला आठवला नाही. बॅलन्सिंगचे पैसे परत दिले नाहीत. ते काम मी मेकॅनिककडून पुन्हा करून घेतलं आणि थरथर गेली. पावसात आता गाडी त्याच वळणावर चारही पायांवर उभी असते.

काढलेले दोन टायर त्या दुकानातल्या पोऱ्याने माझ्यादेखत पुसले, पॉलिश मारलं आणि मांडणीवर परत ठेवून दिले. तेव्हा १९५/५५ आर १६ शोधत असाल आणि आतल्या कडेवर २३१९ दिसलं, तर ते माझ्या गाडीवर फिरून आलेले आहेत.