'दीड वर्ष वापरलेला' गीझर

"दादा, जेमतेम दीड वर्ष वापरलाय. साहेबांची बदली झाली म्हणून देऊन गेले." दुकानदाराने एवढंच सांगितलं आणि मी विश्वास ठेवला, कारण गीझर पांढराशुभ्र दिसत होता. जुन्या सामानाच्या दुकानात इतकी पांढरी वस्तू दिसल्यावर खरं तर तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आम्ही धायरीत भाड्याने राहतो. घरमालकांनी गीझर द्यायला नकार दिला, आणि भाड्याच्या घरासाठी नव्यावर सात-आठ हजार कशाला घालायचे, असा माझा हिशोब. हा पंधरा लिटरचा, चांगल्या कंपनीचा, साडेतीन हजारांत मिळत होता. वर तो म्हणाला, "टाकीवर कंपनीची सात वर्षांची वॉरंटी आहे, अजून साडेपाच शिल्लक." या वाक्याला मी भुललो. घासाघीस करून तीन हजार दोनशेला घेतला आणि आपणच त्याला गंडवलं अशा थाटात घरी आलो.

फेब्रुवारीत गीझर चालू केला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच, पडायला लागला. दोन दिवसांनी खालून पाणी ठिबकायला लागलं. इलेक्ट्रिशियन काका आले, मेन स्विच बंद करून गीझर उतरवला, बाथरूममध्ये आडवा ठेवला आणि नखाने त्याचा रंग खरवडला. पांढऱ्या स्प्रेखाली पिवळट पडलेला मूळ रंग निघाला.

"कितीला घेतलात?" मी आकडा सांगितला. काका काही बोलले नाहीत, पान्हा मागितला.

फ्लँज, म्हणजे टाकीचं तोंड झाकणारी चकती, उघडल्यावर तांब्याभर पांढरा चुरा बाहेर पडला. आमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी, क्षार साचतातच. पण दोन महिन्यांत एवढे नाहीत. मग काकांनी एक तार माझ्या हातात दिली, सायकलच्या स्पोकसारखी. हा म्हणे मॅग्नेशियमचा रॉड. टाकीचा पत्रा गंजण्याऐवजी आधी हा झिजावा म्हणून आत बसवलेला असतो. नवा असताना बोटाएवढा जाड, इथे नुसती आतली तार उरली होती. अर्थात जड पाण्यात हा रॉड वर्ष-दोन वर्षांतही संपतो, त्यामुळे एवढ्यावरून गीझरचं वय ठरत नाही, असं काकांनीच बजावलं. पण टाकीच्या जोडावर एम-सीलचा गोळा थापून वर रंग मारला होता, तो मात्र बरंच काही सांगत होता.

मग आम्ही वय शोधायला बसलो. गीझरवर एक पट्टी असते: मॉडेल, वॅट, लिटर, सीरियल नंबर आणि उत्पादनाचा महिना-साल. ती जिथे असायला हवी तिथे फक्त गोंदाचा चौकोन होता. तो मी घेतानाच पाहिला होता. गळून पडली असेल पट्टी, अशी स्वतःची समजूतही घातली होती. थर्मोस्टॅटवर बारीक अक्षरांत ११/१२, म्हणजे नोव्हेंबर २०१२, छापलेलं निघालं. काकांचा तर्क साधा होता: नंतर बदललेला भाग गीझरपेक्षा नवा असेल, जुना कशाला असेल? तरी या धंद्यात काहीही काहीला जोडतात, म्हणून त्यांनी खालचं झाकण उलटं करून पुसलं. आतल्या बाजूला सीरियल नंबरचं दुसरं स्टिकर होतं. तिथपर्यंत दुकानदाराचा हात पोचला नव्हता.

कंपनीच्या कस्टमर केअरला नंबर वाचून दाखवला. "सर, हा जानेवारी २०१३ चा आहे. वॉरंटी खरेदीच्या मूळ बिलापासून धरतात, बिल आहे का?" बिल होतं, दुकानदाराच्या हातचं: 'जुना गीझर १ नग'. त्यावर ना साल, ना सीरियल नंबर.

सगळ्यात लाज वाटली ती बायकोने दाखवलेल्या गोष्टीची. गीझरवर वीजबचत किती ते ताऱ्यांनी सांगणारं बीईईचं स्टार लेबल होतं, चकचकीत, साल अगदी अलीकडचं. तिने ते नीट वाचलं. क्षमता: २५ लिटर. आमचा गीझर पंधराचा! दुसऱ्याच कुठल्या गीझरचं लेबल सोलून इथे चिकटवलं होतं, आणि मी दुकानात त्याच्यावरचे तारे मोजत उभा होतो.

दुकानदार म्हणाला, "मी दीड वर्ष बोललो ते साहेबांनी वापरलेलं. त्याआधीचं मला काय माहीत?" १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. पण लिखित पुरावा म्हणजे तेवढी एक ओळ. महिना-साल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून मागितले असते, तर एक तर त्याने लिहून दिले असते किंवा सौदाच मोडला असता. दोन्हीत माझा फायदाच होता. शेवटी पाचशे रुपये हातावर ठेवून त्याने गीझर 'भंगारात' परत घेतला. मीही वैतागून देऊन टाकला.

काकांनी झाकण बसवताना एक स्क्रू सापडेना, म्हणून खिशातला पितळी लावला होता. परवा त्या दुकानावरून गेलो. दारातच पंधरा लिटरचा एक पांढराशुभ्र गीझर मांडलेला. वाकून खालून बघितलं. तीन स्क्रू स्टीलचे, एक पितळी.